बॅगेत पुस्तकं किती भरू?

ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला निघताय, मुलगी सहा वर्षांची. तिची मराठी पुस्तकं किती आणू आणि ती धड इकडची ना तिकडची होईल का, असं तुम्ही विचारलंय.

तिला पाठ आहेत ती चार-पाचच आणा. उरलेल्या वजनात भाजणी, मेतकूट. आल्या आल्या लायब्ररीचं कार्ड काढा (फुकट असतं) आणि ॲलन से यांची चित्रपुस्तकं घ्या. जन्म जपानमधल्या योकोहामाचा, १९३७चा. सोळाव्या वर्षी अमेरिकेत आले. १९९४चं कॅल्डेकॉट पदक (चित्रपुस्तकांसाठीचा अमेरिकेतला मोठा मान) मिळालेल्या ‘ग्रँडफादर्स जर्नी’त त्यांचे आजोबा बोटीने अमेरिका गाठतात, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी संसार मांडतात. चित्रं जुन्या अल्बममधल्या फोटोंसारखी. पण गावची ओढ सुटत नाही, म्हणून मुलीला घेऊन परततात.

त्या मुलीचं, म्हणजे लेखकाच्या आईचं पुढे काय झालं, ते ‘टी विथ मिल्क’मध्ये (१९९९) आहे. मासाको कॅलिफोर्नियात वाढलेली. घरी सकाळी भात, मिसो सूप, कोरा चहा. मैत्रिणींकडे पॅनकेक आणि आपल्यासारखा दूध-साखरेचा चहा. हायस्कूल संपल्यावर आईवडील तिला जपानला नेतात. तिथे भाषा शिकायला पुन्हा शाळेत बसवतात आणि वर्गातली मुलं तिला ‘गाइजिन’, परकी, म्हणतात.

हे पुस्तक आधी तुम्ही वाचा. तुम्हाला धास्ती येण्याची आहे. मला विचाराल तर परत जाणं जास्त अवघड. ‘पाच वर्षांनी परत’ आम्हीही म्हणायचो. मुलगा नऊ वर्षांचा असताना सुट्टीत पुण्याला गेलो, तर भर रिक्षात विचारतो, “आई, आपण घरी कधी जायचं?” रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. मी खिडकीबाहेर.

तिची शाळा सुरू झाली की तारो याशिमा यांचं ‘क्रो बॉय’ (१९५५) आणा. लेखक १९३९ साली जपान सोडून न्यूयॉर्कला आलेले. गोष्ट मात्र जपानी खेड्यातल्या शाळेतली: वर्गात एकटा पडलेला चिबी, ज्याला कावळ्यांचे सगळे आवाज काढता येतात. इंग्रजी वाचून दाखवू नका, चित्रांवर बोट ठेवून मराठीत सांगा. चिबीच्या डब्यात मुळ्याच्या पानात गुंडाळलेला भाताचा गोळा असतो. त्या पानावर आमचे चिरंजीव थांबले. “ह्याच्या डब्यालापण वास येतो का?”

तेव्हा कळलं, मेथीचा पराठा रोज तसाच परत का येतो. मी घाबरून सँडविच सुरू केलं. चुकलंच. चिबीची गोष्ट अजून अर्धी राहिली होती.