भाच्याला जामीन राहिलात, आता २ लाखांचे काय?

डिचोलीच्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारले आहे: “मारामारीच्या केसमध्ये बहिणीच्या मुलाला मी जामीन राहिले. २ लाखांची एफडी कोर्टात दिली. गेल्या दोन तारखांना तो गेलाच नाही. वकिलाने गैरहजेरी माफ करून घेतली. आता बोटीवर नोकरी लागतेय म्हणतो. ‘पैसे गेलेच तर तिथून पाठवीन, मावशी’, म्हणाला. जामीन काढला तर त्याला पकडतील, मग बहिणीला काय तोंड दाखवू? यजमानांना यातले काही ठाऊक नाही. पेन्शन २४ हजार, घरखर्च ३० हजार, बाकी ठेवी ७ लाख.”

ताई, जामीन काढून घ्या, आणि तोही पुढच्या तारखेच्या आत.

तुमच्या घरात दरमहा ६ हजार कमी पडतात, ते ठेवींतूनच जातात. म्हणजे २ लाख हा तुमच्या घराचा ३३ महिन्यांचा आधार आहे. तो गेला तर पुन्हा उभा करायला तुमच्याकडे आता पगार नाही.

भाच्याच्या शब्दावर विसंबू नका. त्याच्या मनात खोट आहे असे मी म्हणत नाही. पण जामीनदाराचे नुकसान आरोपीने भरून द्यायचे, हा करार कायदा मानत नाही. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलात तरी वसूल करता येणार नाही.

तो हजर राहिला नाही आणि कोर्टाने जामीनपत्र जप्त केले, तर रक्कम भरा किंवा कारण दाखवा अशी नोटीस तुम्हाला येईल. काही भाग माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण तो हक्काने मागता येत नाही. अशी नोटीस घेऊन एक काजूबागायतदार माझ्याकडे आले होते. उघडून उघडून कागद घडीवर फाटत आला होता. मुलगा जाणार हे त्यांना चार महिने आधी माहीत होते. तेव्हाच आले असते तर, हे मला अजून टोचते.

जामीनदाराला केव्हाही सुटका मागता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८९ (जुने ४४४) त्यासाठीच आहे. अर्ज दिला की कोर्ट भाच्यावर वॉरंट काढते. तो समोर आला की तुम्ही मोकळ्या होता आणि त्याला दुसरा जामीनदार आणायला सांगतात. तो मिळाला नाही तर तुरुंगात धाडू शकतात. तुमची भीती खरी आहे.

म्हणून आधी बहिणीच्या घरी जा. अर्ज देणार आहे हे तिला तुमच्याच तोंडून कळू दे. त्याने आपणहून कोर्टापुढे हजर व्हावे आणि त्याच दिवशी बहिणीकडचे कोणी जामीन राहायला तयार असावे. जामीनदाराऐवजी रोख भरायची परवानगीही कोर्टाकडे मागता येते. परदेशी जाण्याआधी कोर्टाची परवानगी घेण्याची अट जामिनाच्या आदेशात असू शकते. वकिलाला तो वाचून दाखवायला सांगा. एक आठवड्याची मुदत द्या, त्यापुढे नाही.

आणि आज रात्रीच यजमानांना सांगा. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर एफडीवर नाव तुमचे असले तरी अर्धा वाटा त्यांचा असतो. दुसऱ्या कोणाकडून कळले तर त्यांना पैशांपेक्षा तेच जास्त लागेल.

सुटकेचा आदेश झाला की एफडीची पावती परत मिळावी म्हणून त्याच दिवशी अर्ज द्या. बँकेत तिच्यावर कोर्टाचा बोजा नोंदलेला असेल, तर तो उठवायला कोर्टाचे पत्र लागेल, तेही सोबत मागून घ्या. पावती हातात आली की मला कळवा. मग त्या ३३ महिन्यांची मांडणी बसून करू.