रिपोर्टमधला ‘एफ’ आईचा की बाळाचा?

प्रश्न : मला पाचवा महिना चालू आहे. एचपीएलसीच्या (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये ‘हिमोग्लोबिन एफ १.८ टक्के’ आलंय आणि शेजारी ‘१ पेक्षा कमी हवं’ असं छापलंय. एकूण हिमोग्लोबिन ११.२ आहे. ‘एफ’ म्हणजे गर्भाचं हिमोग्लोबिन असं वाचलं. मग बाळाचं रक्त माझ्या रक्तात मिसळतंय का?

उत्तर : नाही, आणि हे साध्या हिशेबानेच पटेल. तुमच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त आहे. त्याचे १.८ टक्के म्हणजे ९० मिली. विसाव्या आठवड्यात बाळाचं वजन असतं सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास, आणि वारेतलं रक्त धरूनही त्याचं सगळं रक्त जेमतेम ४० मिली भरतं. ९० मिली येणार कुठून?

हे ‘एफ’ तुमच्याच अस्थिमज्जेत तयार झालं आहे. मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनात दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. गर्भाच्या हिमोग्लोबिनात बीटाऐवजी गॅमा. जन्मानंतर गॅमाचं जनुक जवळजवळ मिटतं, पण पुरतं नाही. काही मोजक्या लाल पेशींत थोडं ‘एफ’ आयुष्यभर तयार होत राहतं. गर्भारपणात अशा पेशींचं प्रमाण काही जणींत वाढतं, मधल्या महिन्यांत सर्वाधिक असतं आणि पुढे आपोआप उतरतं. वारेतून येणाऱ्या एचसीजी संप्रेरकाशी या वाढीचा संबंध असावा, असं मानलं जातं. रिपोर्टवर छापलेली मर्यादा गर्भार नसलेल्या व्यक्तीसाठीची असते, म्हणून तो आकडा ठळक होऊन आला.

मात्र एकट्या ‘एफ’वर निर्वाळा देऊ नये. त्याच कागदावर हिमोग्लोबिन ए-टू (मोठ्यांच्या रक्तात थोडा असणारा आणखी एक प्रकार) आणि सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) व एमसीएच (पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) बघा. ए-टू ३.५ टक्क्यांच्या वर, एमसीव्ही ८० च्या खाली आणि एमसीएच २७ च्या खाली असेल तर बीटा थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे बीटा साखळी कमी बनण्याच्या आनुवंशिक दोषाच्या सौम्य रूपाची, शक्यता दाट. त्यातही ‘एफ’ १ ते ३ टक्के असू शकतं, त्यामुळे तुमचे १.८ दोन्हीकडे बसतात. फरक ए-टू सांगतं. ए-टू नेहमीएवढंच, एमसीव्ही कमी आणि ‘एफ’ ५ टक्क्यांच्या पुढे असेल तर डेल्टा-बीटा थॅलेसेमिया या त्याच्याच दुसऱ्या प्रकाराचा विचार करावा लागतो.

इथे एक चूक वारंवार होते. लोहाची कमतरता असली की ए-टू थोडं खाली येतं. अशा वेळी ए-टू ३.३ आणि एमसीव्ही ७० आलं, तर ‘मर्यादेत आहे’ म्हणून रिपोर्ट बाजूला ठेवला जातो. एरवी लोह भरून काढून तपासणी पुन्हा करता आली असती. गर्भारपणात तेवढा वेळ नसतो. नवऱ्याची सीबीसी आणि एचपीएलसी त्याच आठवड्यात करून घ्या. दोघंही मायनर निघाले तर दर खेपेला बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याचं गंभीर रूप, होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्याची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन, किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल काढून होते. गेल्या ३ महिन्यांत तुम्हाला रक्त चढवलं असेल तर तेही सांगा. दात्याचं रक्त मिसळलं की एचपीएलसीचे सगळे आकडे बदलतात.

प्रश्न : लोहाच्या गोळ्या घेतल्याने ‘एफ’ कमी होतं का?

उत्तर : नाही. गोळ्या एकूण हिमोग्लोबिनसाठी असतात. पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत ते ११ च्या खाली, मधल्या तिमाहीत १०.५ च्या खाली गेलं तर रक्तक्षय धरतात. ‘एफ’ वाढलंय म्हणून गोळ्या बंद करू नका. सिकलसेल आजारासाठी ‘एफ’ वाढवणारं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू असेल आणि दिवस राहिले असतील, तर मात्र आजच डॉक्टरांना गाठा.

प्रश्न : माझं ‘एफ’ २२ टक्के आहे. एमसीव्ही ८४, ए-टू नेहमीएवढं. ‘हे जन्मजात आहे, आजार नाही’ असं सांगितलं. पण गर्भाचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवतं म्हणे. मग बाळाला कमी पडेल का?

उत्तर : शंका रास्त आहे. मोठ्यांचं हिमोग्लोबिन ऑक्सिजनचा दाब २७ मिलिमीटरवर आला की अर्धं रिकामं होतं, गर्भाचं १९ च्या आसपास. या फरकामुळेच वारेत आईकडून बाळाकडे ऑक्सिजन सहज जातो. तुमच्या बाबतीत तो फरक थोडा कमी होतो, एवढंच. तीन चतुर्थांशांहून जास्त हिमोग्लोबिन नेहमीचंच आहे, आणि ‘एफ’ जन्मजात जास्त असणाऱ्या स्त्रियांचं गर्भारपण सहसा सुरळीत पार पडतं.

मात्र फाइलच्या पहिल्या पानावर हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून घ्या. इतकं ‘एफ’ असलं की मधुमेहासाठीची एचबीए१सी काही पद्धतींत चुकीची येते, म्हणून ग्लुकोज पिऊन केलेल्या तपासणीवर भरवसा ठेवा. पुढच्या उत्तरातली क्लायहाउअर तपासणीही (आईच्या रक्तात आलेल्या बाळाच्या पेशी ‘एफ’वरून मोजणारी) तुमच्यासाठी निकामी ठरते. आणि नवऱ्याची तपासणी इथेही हवीच.

प्रश्न : माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, बाळाचा ओ पॉझिटिव्ह. बाळंतपणानंतर अँटी-डीचं ३०० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन दिलं. आता क्लायहाउअरमध्ये ‘गर्भपेशी ०.८ टक्के’ आल्या म्हणून आणखी एक घ्यायला सांगतात. खरंच गरज आहे?

उत्तर : आहे. बाळाच्या पॉझिटिव्ह पेशींविरुद्ध तुमच्या अंगात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून अँटी-डी देतात, आणि इथे मोजल्या आहेत त्या खरोखरच बाळाच्या पेशी. १९५७ पासून चालत आलेल्या या तपासणीत आईच्या रक्ताचा पातळ थर काचपट्टीवर पसरून अल्कोहोलमध्ये पक्का करतात आणि ३.३ पीएचच्या आम्ल द्रावात बुडवतात. मोठ्यांचं हिमोग्लोबिन त्यात विरघळून निघून जातं, गर्भाचं टिकतं. मग रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली आईच्या पेशी फिकट, पोकळ सावल्यांसारख्या दिसतात आणि त्यांच्यामध्ये बाळाची एखादी पेशी गडद गुलाबी उठून दिसते. दोन्ही मिळून किमान २००० पेशी मोजतात आणि त्यांत बाळाच्या किती टक्के ते काढतात.

टक्क्यांना ५० ने गुणलं की बाळाचं किती मिली रक्त आलं ते कळतं: ०.८ गुणिले ५० म्हणजे ४० मिली. एक इंजेक्शन ३० मिलीला पुरतं. ४० भागिले ३० म्हणजे १.३. अपूर्णांक अर्ध्याहून कमी असला तर सोडून द्यायचा, अर्धा किंवा जास्त असला तर वरचा पूर्णांक धरायचा, आणि दोन्ही वेळा वर १ मिळवायचा, कारण मोजणी कमी भरण्याचा धोका मोठा. म्हणून तुम्हाला एकूण २. एक झालं, एक राहिलं. ते ७२ तासांच्या आत घ्या. वेळ उलटून गेली तरी सोडून देऊ नका, १० दिवसांपर्यंत दिल्यानेही काही संरक्षण मिळू शकतं.

मोजणी दोन्हीकडे चुकते. आईच्या स्वतःच्या ‘एफ’ पेशी मध्यम गुलाबी होतात आणि घाईत बाळाच्या धरल्या जातात, मग आकडा फुगतो. उलट आई ओ आणि बाळ ए किंवा बी गटाचं असेल तर बाळाच्या पेशी आईच्या रक्तात लवकर नष्ट होतात आणि आकडा खोटा कमी येतो. तुमचे दोघांचे गट ओ असल्याने ही दुसरी अडचण नाही. पहिलीची शंका असेल तर फ्लो सायटोमेट्री करून घ्यावी. तीत पेशीपेशीतलं ‘एफ’ किती ते मोजलं जातं आणि आईच्या पेशी वेगळ्या काढता येतात. पण तिचा रिपोर्ट यायला उशीर होणार असेल, तर दुसरं इंजेक्शन त्यासाठी थांबवू नका.