वासना, रती, काम हे शब्द मुळातच अश्लील होते का?

तुम्ही विचारलंय, की हे शब्द आले कुठून आणि पहिल्यापासून चारचौघांत न उच्चारण्याजोगे होते का. नव्हते. तिघांचाही पसारा पूर्वी बराच मोठा होता.

सगळ्यात जास्त अन्याय झालाय तो 'वासना'वर. संस्कृतात 'वस्' म्हणजे राहणे. अनुभव सरला तरी त्याचा जो संस्कार मनात वसून राहतो, ती वासना. योगसूत्रांत हाच अर्थ आहे. मराठीत शब्द इच्छेकडे सरकला, पण कुठल्याही इच्छेकडे. आजाऱ्याची 'अन्नावरची वासना उडाली' असं जुनी माणसं सहज म्हणतात. दहाव्याला कावळा शिवेना, की गेलेल्याची वासना कशात अडकलीय याचा शोध सुरू होतो, आणि ती बहुधा नातवाच्या लग्नात नाहीतर जमिनीच्या तुकड्यात सापडते. पुढे वर्तमानपत्रांनी 'वासनांध नराधम' इतक्यांदा छापला, की आज जेवणाच्या पानावर हा शब्द काढलात तर पोरं दचकतील.

'रती' आली 'रम्' धातूपासून. आपलं 'रमणे' तिचंच भावंड. मदनाच्या बायकोचं नाव म्हणून आपण बिचकतो, पण पसायदानात 'तयां सत्कर्मीं रती वाढो' आहे आणि ते शाळेत हात जोडून म्हणताना कुणी लाजत नाही.

'काम' हा 'कम्' म्हणजे इच्छिणे यावरून. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तात सृष्टीच्या आरंभी आधी उपजतो तो कामच. कामना, निष्काम त्याच घरचे. कचेरीतलं काम मात्र परकं: 'कर्म'चं प्राकृतात 'कम्म' झालं, त्याचं आपण 'काम' केलं. त्यामुळे 'साहेब कामात आहेत' यावरचे चावट विनोद व्युत्पत्तीच्या कसोटीवर बाद.

मला स्वतःला यापेक्षा 'हौस' जास्त आवडते, कारण ती उलट्या दिशेने चालली. मूळ अरबी 'हवस', फारसीतून इकडे आलेला. हिंदीत हवस म्हणजे आजही बेफाम लालसा. आपल्याकडे त्याचीच हौस झाली: नव्या सुनेची पैठणीची हौस, आजोबांची बागकामाची हौस, 'हौसेला मोल नाही'. राज्य नाट्य स्पर्धेतले हौशी कलाकारही त्यातच आले. तालमीत त्यांना ही व्युत्पत्ती सांगायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.