खोकला नाही, थुंकीतही काही सापडले नाही. तरी मानेतली गाठ क्षयरोगाची असू शकते का?

असू शकते. आपल्या मुलीला खोकला नाही आणि थुंकीत जंतू सापडले नाहीत, एवढ्यावरून तिच्या मानेतली गाठ क्षयरोगाची आहे हे डॉक्टरांचे निदान चुकले असे म्हणता येत नाही, कारण थुंकीच्या तपासणीतून फक्त फुप्फुसाची स्थिती कळते. जंतू मानेतल्या लसिका ग्रंथीत (संसर्गाशी लढणाऱ्या छोट्या गाठीत) असतील तर ते थुंकीत येणार कुठून? जुनी माणसे जिला गंडमाळ म्हणत, ती पुष्कळदा ही क्षयाची गाठच असे.

मी क्षयरोगाचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून नमुन्याविषयी जरा विस्ताराने लिहितो. गाठीतून सुईने काढलेला द्राव पेशींच्या तपासणीसाठी जातोच, पण तो सीबीनॅटसाठीही पाठवायला हवा; या चाचणीत जंतूचा डीएनए सुमारे दोन तासांत शोधला जातो आणि रिफॅम्पिसिन या महत्त्वाच्या औषधाला जंतू दाद देतो की नाही, हेही त्याच वेळी समजते. मात्र गाठीत जंतूंची संख्या मुळात कमी असते, त्यामुळे सीबीनॅट निगेटिव्ह आले तरी क्षयरोग नाहीच असे ठरत नाही. कल्चर लावावे लागते, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहावे लागतात, आणि हा जंतू फार सावकाश वाढत असल्याने त्याच्या अहवालाला सहा ते आठ आठवडेही लागू शकतात. गाठीचा तुकडा कापून काढायचे ठरले, तर त्याचा एक भाग फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवून ठेवणाऱ्या रसायनात) न टाकता निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवावा, अशी विनंती आधीच करून ठेवा. फॉर्मेलिनने जंतू मरतात आणि कल्चरची संधी कायमची जाते. असे नमुने परत करताना खरोखर वाईट वाटते. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून (अँटिबॉडींवरून) क्षयरोग ओळखण्याच्या चाचणीवर भारत सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली आहे, तेव्हा तीवर पैसे घालवू नका.

सहा महिन्यांचे औषध हे नेहमीचेच आहे: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चारही औषधे दोन महिने, आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. सरकारी केंद्रात ती मोफत मिळतात आणि मात्रा वजनावर ठरते. लघवी नारिंगी होईल. ते रिफॅम्पिसिनमुळे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. सतत उलट्या होणे, डोळे पिवळे होणे किंवा नजर अंधूक होणे, यांपैकी काहीही दिसले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. उपचार चालू असताना गाठ मोठी होऊ शकते, क्वचित नवी गाठही येते. मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया उफाळल्यानेही असे घडते. ती प्रतिक्रिया आहे की औषधाला न जुमानणारा जंतू, हे डॉक्टरांना ठरवू द्या, आपण होऊन गोळ्या बंद करू नका.

मुलीचे ताट-वाटी वेगळे ठेवावे का, असेही आपण विचारले आहे. मुळीच नको. क्षयरोग भांड्यांतून पसरत नाही, आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ असेल तर तिच्यापासून घरात कोणाला लागण होण्याचा प्रश्नच येत नाही. उलट तिला तो कोणाकडून आला, हे पाहायला हवे. घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, तर त्यांची थुंकी तपासून घ्या.