आमदारांचा फोटो रोज छापतात, मग आमच्या पाण्याची बातमी का नाही?

तुम्ही विचारलंय की तुमच्या तालुक्यातल्या नेत्यांचे कार्यक्रम पेपरात रोज येतात, पाणीटंचाई मात्र येत नाही, हे ठरवतं कोण? एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत मी ९ वर्षं उपसंपादक होतो, त्या अनुभवावरून सांगतो.

संध्याकाळी आमच्या हातात पानांचे डमी, म्हणजे कच्चे आराखडे, यायचे. त्यावर जाहिरातींच्या चौकटी आधीच आखलेल्या असायच्या आणि उरलेल्या जागेत जिल्हा बसवायचा. नेत्याचा वाढदिवस असला की आतलं अर्धं पान गेलंच.

उरलेल्या जागेत काय जायचं, ते बरंचसं तालुका वार्ताहरावर अवलंबून असतं. बऱ्याच ठिकाणी त्याला तुटपुंजं मानधन मिळतं, खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. दिवाळीला ज्याच्याकडे जाहिरात मागायला जायचं, त्याच्याच विरोधात त्यानं जूनमध्ये बातमी कशी लिहायची? मी वार्ताहराला दोष देत नाही, ही रचनाच चुकीची आहे. त्यात नेत्याच्या कार्यालयातून फोटोसकट टाइप केलेली प्रेसनोट दुपारीच येते. डेस्कवर, म्हणजे बातम्या निवडून पानात लावणाऱ्या विभागात, माणसं कमी, त्यामुळे तयार मजकूर आधी लागतो.

एकदा एका वार्ताहरानं टँकरची बातमी पाठवली होती. नोंदवहीत रोज ३ खेपा, गावात येत होती १. वहीच्या पानाचा फोटोही जोडला होता. मी ती तीन कॉलम लावली. रात्री साडेनऊला पक्षप्रवेशाची जाहिरात आली आणि ती बातमी मीच कापून चार ओळींची केली. अजून सलते.

पैसे घेऊन बातमीच छापणं हा याच्या पुढचा प्रकार. २००९च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं कौतुक करणारा एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत छापून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं. चव्हाणांनी वृत्तपत्रांतल्या जाहिरातींवरचा खर्च दाखवला होता ५,३७९ रुपये. प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेलं, आयोगानं २०१४ मध्ये त्यांच्या विरोधात आदेश दिला आणि दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी तो रद्द केला. उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव मात्र २०११ मध्ये अशाच बातम्यांचा खर्च लपवल्यामुळे अपात्र ठरल्या.

तरीही चांगली बातमी लागते, मी लावलेली आहे. "पाणी नाही" एवढंच सांगू नका. किती दिवस नाही, टँकर मंजूर किती, आले किती, तहसीलला अर्ज कोणत्या तारखेला दिला, हे एका कागदावर लिहा. पोच घेतलेल्या अर्जाचा फोटो जोडा. वार्ताहराला द्याच, पण जिल्हा कार्यालयातल्या डेस्कलाही थेट पाठवा, आणि दुपारी चारच्या आत. शक्यतो रविवारी पाठवा. रविवारी सरकारी कार्यालयं बंद असतात, त्यामुळे बातम्यांचा ओघ कमी असतो आणि आमचं डेस्क सोमवारच्या अंकासाठी काहीतरी शोधतच असायचं.