चौकट हार्डवुडची, पलंग पाइनचा: दुकानदाराचं ऐकावं का?

चिपळूणजवळ घर बांधताय आणि दुकानदार म्हणतो, चौकटी हार्डवुडच्याच करा, पलंग-कपाटं सॉफ्टवुडची चालतील. या दोन्हींत फरक काय आणि त्याचं ऐकावं का, असं तुम्ही विचारलंय. आमची लाकडाची वखार आहे, वडिलांच्या वेळेपासून घरात हेच काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. हार्डवुड म्हणजे नेमकं कुठल्या झाडाचं, हे त्याच्याकडून वदवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

रुंद पानांच्या, फुलाफळांच्या झाडांचं लाकूड ते हार्डवुड: साग, शिसव, ऐन, फणस, बाभूळ, आंबा. सुईसारखी पानं आणि शंकू असलेल्या झाडांचं ते सॉफ्टवुड: चीड, देवदार, स्प्रूस, फर. बाजारात ज्याला पाइन म्हणतात ते चिडाच्याच जातभाईंचं लाकूड, आपल्याकडे बरंचसं न्यूझीलंडकडून आलेलं. लाकूड टणक आहे की मऊ, याचा या विभागणीशी थेट संबंध नाही. काटेसावर आणि पांगारा दोन्ही हार्डवुड, पण सावरीच्या आगकाड्या होतात आणि सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्यातून कोरली जात आली, इतकी ती मऊ. बाल्सा नावाचं परदेशी झाड तर घनमीटरला जेमतेम दीडशे किलो भरतं, तेही हार्डवुडच. उलट यू नावाचं थंड प्रदेशातलं सूचिपर्णी झाड वजनाला सागाच्या बरोबरीचं. महाराष्ट्रात चीड-देवदाराची नैसर्गिक जंगलं नाहीत, त्यामुळे आपल्या रानातलं आणि परसातलं जवळजवळ प्रत्येक झाड हार्डवुडच निघतं. एवढ्या मोठ्या गोतावळ्यातून चौकटीला चालणारी झाडं मोजकीच आहेत.

ओळखायचं कसं, तर फळीच्या कापलेल्या टोकाकडे बघा. धारदार पटाशीने टोक साफ तासून थोडं पाणी लावा. सागात वर्षागणिक पडलेल्या वलयांवर बारीक छिद्रांची रांग साध्या डोळ्यांनी दिसते. झाड ज्यांतून पाणी वर नेतं त्या नळ्यांची ही तोंडं. पाइनमध्ये अशा नळ्या नसतात, पाणी वाहणं आणि खोडाला आधार देणं ही दोन्ही कामं एकाच प्रकारच्या लांबट पेशी करतात. म्हणून पाइनच्या टोकावर छिद्रं दिसत नाहीत, नुसते फिके-गडद पट्टे दिसतात. या लांब तंतूंमुळेच चिवट कागदासाठी सॉफ्टवुडचा लगदा वापरतात. स्प्रूस तर वजनाच्या मानाने इतका ताठ असतो की पियानोचा ध्वनिफलक आणि चांगल्या व्हायोलिनची वरची पाटी अजूनही त्याचीच करतात.

आता टिकाऊपणा. लाकूड टिकतं ते गाभ्यामुळे. झाड वाढताना आतल्या लाकडात तेलं आणि इतर रसायनं साठवतं, त्यांनी वाळवी आणि बुरशी दूर राहते. सागात ही साठवण भरपूर असते. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतेय. पण सागाच्या बाहेरच्या पांढरट भागात हे तेल नसतं, तो भाग वाळवी इतर लाकडासारखाच खाते. कोवळ्या झाडाचा, निम्मा पांढरा असलेला तुकडा साग म्हणून गळ्यात मारला जातो, तिथे डोळ्यांत तेल घालून बघा. आणि गाभ्याची ही देणगी फक्त हार्डवुडला मिळालेली नाही. श्रीनगरच्या हाउसबोटी देवदाराच्या असतात, म्हणजे सॉफ्टवुडच्याच.

चौकटीचं सांगायचं तर कोकणातल्या पावसात माझी पहिली पसंती गाभ्याचा साग. बजेट बसत नसेल तर जून फणस. आपल्याकडे जुन्या घरांचे खांब आणि तुळया फणसाच्या आहेतच. बाजारात मलेशियन साल नावाने मिळणारं लाकूड जड आणि मजबूत असतं, पण ओलं असताना बसवलं तर पीळ धरतं. कच्च्या पाइनची चौकट मात्र कोकणात करू नका. चौकट भिंतीला आणि जमिनीला टेकलेली असते, ओल आणि वाळवी तिथूनच शिरते.

लाकूड नीट वाळलंय ना, हे विचारायला बहुतेक जण विसरतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. पावसाळ्यात दार का अडतं? लाकूड हवेतला ओलावा घेऊन फुगतं. लांबीत ते जवळपास बदलत नाही, रुंदीत बदलतं, आणि वलयांच्या दिशेने तर गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट. साग यात फार सोशिक, म्हणून सुतारांचा लाडका. ओलं लाकूड बसवून घेतलंत तर मे महिन्यात सांध्यांना फटी पडणार. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, मोठ्या दुकानात असतंच. चौकटीच्या लाकडात १५ टक्क्यांच्या वर आकडा आला तर घाई करू नका.

पलंग आणि कपाटं पाइनची करायला माझी काहीच हरकत नाही. हलकं, दिसायला उजळ, रंध्याखाली सरळ चालतं, स्क्रू सहज बसतो. चमचा पडला तरी खळगा पडतो, तेवढं गृहीत धरा. गाठी असणारच, कारण झाडाच्या फांद्या एकाच उंचीवर चहूबाजूंनी फुटतात. रंग देणार असाल तर गाठींवर आधी लाखेचा हात मारून घ्या, नाहीतर राळ पाझरून पिवळे डाग वर येतात. रासायनिक प्रक्रिया केलेलं पाइन मागा, आणि कपाट भिंतीपासून दोन बोटं सुटं ठेवा.

प्लायवूडच्या दुकानातही हार्डवुड हा शब्द ऐकू येईल. तिथे त्याचा अर्थ बहुधा निलगिरीच्या थरांचा प्लाय, पॉप्लरच्या हलक्या प्लायपासून वेगळा सांगण्यासाठी. वनस्पतिशास्त्राने पॉप्लरही हार्डवुडच. तेव्हा तिथे शब्दात अडकू नका, स्वयंपाकघरात सिंकखाली लावायचा असेल तर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघा.

आणखी एक. तुमच्या भागात जुनी घरं उतरवली जातात तेव्हा तुळया आणि वासे विकायला निघतात. साग असो वा किंजळ, कित्येक वर्षं वाळलेलं हे लाकूड मिळालं तर नव्यापेक्षा आधी ते घ्या. टोकं ठोकून पोकळ आवाज येतो का बघा. चिराईला देण्याआधी सगळे खिळे काढून घ्या, गिरणीवाला खिळ्याचं लाकूड पात्यावर चढवत नाही. स्वतःच्या जमिनीतला साग तोडणार असाल तर मात्र आधी वनविभागाची परवानगी काढा. साग, फणस, ऐन, किंजळ ही सगळी झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत.