मुरमांचे खड्डे आणि सुयांचा उपचार

प्रश्न : माझे वय 29 आहे. दोन्ही गालांवर मुरमांचे खड्डे राहिले आहेत आणि हनुवटीवर अजूनही नव्या पुटकुळ्या येतात. मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या दोन महिन्यांपूर्वी थांबवल्या. वर्षातून दोन-तीनदा ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड उठतात. मैत्रिणीने तिचा दीड मिलिमीटर सुयांचा डर्मारोलर, म्हणजे चेहऱ्यावर फिरवायचा सुयांचा छोटा रूळ, देऊ केला आहे. घरच्या घरी मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी त्वचा टोचण्याचा उपचार, केला तर चालेल का?

उत्तर : मैत्रिणीचा रोलर कृपया वापरू नका, एवढे आधी सांगते. दीड मिलिमीटरची सुई त्वचेच्या वरच्या थरातून आरपार खालच्या थरात जाते, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या टोचल्या जातात आणि कातडीवर रक्ताचे टिपके उमटतात. एकीचे रक्त लागलेल्या सुया नुसत्या स्पिरिटने पुसून दुसरीच्या चेहऱ्यावर फिरवल्या, तर हेपॅटायटिस आणि एचआयव्हीसारख्या संसर्गांना वाट मिळते. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात 2018 मध्ये बंद झालेल्या एका विनापरवाना स्पामध्ये, स्वतःचे रक्त वापरून सुयांचा फेशियल घेतलेल्या काही महिलांना एचआयव्हीची लागण बहुधा त्याच उपचारातून झाली, असा निष्कर्ष आरोग्य यंत्रणेने काढला आहे. शिवाय वापरलेला रोलर भिंगाखाली धरला, तर काही सुयांची टोके आकड्यासारखी वळलेली दिसतात. अशी सुई टोचत नाही, ओरबाडते. जोर देऊन फिरवलेल्या रोलरमुळे गालावर ओळीने, समांतर रेषांत वण राहिलेले मी पाहिले आहेत, आणि ते मूळ खड्ड्यांपेक्षा जास्त डोळ्यांत भरतात.

आता तुमच्याबद्दल. हनुवटीवर पुटकुळ्या असताना त्या भागावर सुया फिरवल्या, तर आतला पू आणि जंतू शेजारच्या निरोगी त्वचेत पसरतात. म्हणून आधी मुरूम आटोक्यात आणायचे आणि नंतर खड्ड्यांकडे वळायचे, हाच क्रम बरोबर आहे. ओठावरचे फोड बहुधा हर्पीस या विषाणूचे असावेत. सुयांच्या जखमेने तो विषाणू पुन्हा जागा होऊन चेहराभर फोड येऊ शकतात, त्यामुळे ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा, म्हणजे ते उपचाराआधी विषाणूरोधक गोळ्या सुरू करतील. आयसोट्रेटिनॉइननंतर सहा महिने थांबण्याचा पूर्वीचा दंडक अलीकडे तज्ज्ञांनी बराच सैल केला आहे, तरी किती थांबायचे ते तुमची त्वचा पाहूनच ठरवावे लागेल. कानाच्या पाळीवर किंवा छातीवर जुन्या जखमेची गाठ, म्हणजे केलॉइड, झालेली असेल, तर हा उपचार टाळलेलाच बरा.

गरोदरपण, रक्त पातळ करणारी औषधे, अनियंत्रित मधुमेह, कोड किंवा सोरायसिस यांपैकी काही असेल, तर तेही लपवू नका.

उपचारातून मिळणारे फळही आधीच नीट समजून घ्या. सुयांच्या जखमा भरताना नवे कोलॅजेन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन, तयार होते आणि या कामाला महिने लागतात, म्हणून साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका घ्याव्या लागतात. पसरट, उथळ खड्डे यात बरेच भरून येतात. अरुंद आणि खोल खड्ड्यांना मात्र वेगळे उपाय लागतात. सावळ्या त्वचेवर नंतर काळे डाग पडू शकतात. लेसरच्या तुलनेत हा धोका कमी असला, तरी ऊन टाळणे आणि त्वचा सावरल्यावर सनस्क्रीन लावणे यात कसूर चालत नाही. उपचाराच्या दिवशी कोणतेही सुगंधी किंवा व्हिटॅमिन सीचे सीरम चेहऱ्याला लावू देऊ नका, कारण सुयांच्या छिद्रांतून आत गेलेल्या अशा द्रव्यांमुळे त्वचेत महिनोन्‌महिने टिकणाऱ्या गाठी झाल्याच्या नोंदी आहेत.

उपचार त्वचारोगतज्ज्ञांकडेच घ्या आणि सुयांचे निर्जंतुक, सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही. दोन-तीन दिवस चेहरा लाल राहणे स्वाभाविक आहे, परंतु त्यानंतर लाली वाढत गेली, पू दिसला, फोडांचे पुंजके उठले किंवा हाताला टणक गाठी लागल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.